कडेची नजर

त्या रविवारी सकाळी कामाच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यावर दोन दिवे आणि दोन भिंगं, तीन खुर्च्या, एक स्टूल, उशीत खोचलेल्या एकोणतीस सुया, आणि खुंट्यांवर रफूची वाट बघणारे चौदा कपडे: नऊ कोट, चार पँटी, एक लोकरी ब्लँकेट. शिवाय चार माणसं होती. चार माणसांचे डोळे आठ. त्यांतले आईचे दोन आणि मामाचे दोन मधोमध निकामी झालेले. माझे दोन तपासून झालेले, शाबूत. उरलेले दोन बटणचे, आणि त्यांच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

बटण ही माझी धाकटी बहीण. दोन वर्षांची असताना तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं, आणि मामाने गिऱ्हाइकाला सांगितलं, "दोन दिवसांनी या, बटण येतंय." तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. आता ती सतरा वर्षांची आहे. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सात ते दुपारी तीन बाटल्यांतून आलेलं पाणी मोजते आणि आकडे लिहिते. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या बाजूला हा आजार नाही. तो आईच्या बाजूने आला, आजोबांकडून.

आमचं काम रफूचं. कापडाला भोक पडलं की ठिगळ न लावता, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून, उभ्याला उभा आणि आडव्याला आडवा भरत ते भोक नाहीसं करायचं. आजोबांचं रफू नखाला लागत नसे, असं जुनी गिऱ्हाइकं अजून सांगतात. आजोबांनी मामाला आणि आईला शिकवलं, त्या दोघांनी आम्हाला. शिकवताना पहिला धडा हातांचा नसे, डोळ्यांचा असे. भोकात बघायचं नाही. भोकाच्या बोटभर वर बघायचं आणि भोक तिथूनच सांभाळायचं. ह्याला आमच्या घरात 'धरणं' म्हणतात. "बघू नकोस, धर," हे वाक्य मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत आलेय.

मला ते कधी जमलं नाही. मी सुई घेतली की माझी नजर थेट भोकात जायची. मामा टपली मारायचा. "हिची नजर घुसते. घुसणाऱ्या नजरेने रफू होत नाही, फार तर गोणपाट शिवता येतं." माझे टाके एकमेकांवर चढायचे, कारण मी एका जागी डोळे लावायचे आणि दुसऱ्या जागी बघितल्याचं नाटक करायचे. नऊ वर्षांची असताना आईने मला टेबलावरून उठवलं आणि पुस्तकांपाशी बसवलं. पुढे मी शास्त्र शिकले त्याचं खरं कारण एवढंच, की घरच्या कामाला मी निरुपयोगी होते.

बटणला मात्र दहाव्या वर्षी धरणं जमलं. जणू ते तिला कुणी शिकवायलाच नको होतं. मामा तेव्हा पंधरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "म्हाताऱ्याची नजर हिच्यात उतरलीय."

ह्या धरण्यामुळे आमच्या घरातली माणसं बोलताना समोरच्याच्या कपाळाच्या वर किंवा कानाकडे बघतात. गल्लीत आम्ही गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध आहोत. समोरचा चावीवाला म्हणतो, "तुमच्याकडे कपडा टाकायचा म्हणजे आधी टोपी घालावी लागते, नाहीतर टक्कल दाखवायला आल्यासारखं वाटतं." मामाचं त्यावर उत्तर ठरलेलं: "मी सगळ्यांना कानांवरून ओळखतो. चेहऱ्याचं काय, उद्या सुजला तर? कान माणूस मरेपर्यंत तसाच राहतो."

मामा साठीचा आहे. गेली सहा वर्षं तो सुईला हात लावत नाही. कपडे घेणं, देणं, इस्त्री आणि बटणला शिकवणं, एवढंच करतो. डोळे दाखवायला तो कधी गेला नाही. "दिव्यासमोर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाचे डोळे जाणार नाहीत तर काय कान जातील?" असं म्हणतो आणि तो विषय तिथे बंद करतो.

आईलाही मी फार उशिरा नेलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती एकदा म्हणाली, "दाराची चौकट वाकलीय बघ, सुताराला सांग." मी चौकटीला दोरा लावून बघितला. चौकट सरळ होती. मी तसं सांगितलं आणि कामावर गेले. आईने दिवा बदलला, भिंग बदललं. तीन महिन्यांनी तिला डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसेनासे झाले. घड्याळाची कड दिसे, काटे नाहीत. तेव्हा आम्ही रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टर बाई मला आवडल्या, कारण त्या 'काळजी करू नका' म्हणाल्या नाहीत. त्यांनी आईच्या डोळ्याच्या आतला फोटो पडद्यावर दाखवला. मग एका लहान मुलाचा फोटो शेजारी लावला. त्या मुलाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, अगदी मधोमध, एक पिवळा गोल होता. तव्यावर अंडं फोडल्यावर बलक बसतो तसाच.

"सुरुवात अशी होते," त्या म्हणाल्या. "ह्या जागेने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो. एका जनुकातल्या दोषामुळे इथला कचरा उचलला जात नाही, साचत राहतो. बलक पुष्कळ वर्षं तसाच राहतो आणि माणसाला बऱ्यापैकी दिसतंही. मग कधीतरी तो फुटतो, पसरतो आणि मागे व्रण उरतो. कडेचं दिसणं शाबूत राहतं. मधलं जातं."

"कामाने झालं का?" आईने विचारलं.

"नाही. कामाने वाढतही नाही."

मला वाटतं, कामाने झालं असं उत्तर आईला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी पुढे दोन गोष्टी सांगितल्या. त्या मी वहीत लिहून घेतल्या, आणि पुढचं सगळं त्या दोन गोष्टींमुळे झालं. पहिली: ज्याला हा आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दुसरी: व्रणाच्या जागी कधीकधी नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात. तसं झालं की सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. त्या आठवड्यात माणूस आला तर डोळ्यात इंजेक्शन देऊन उरलेली नजर वाचवता येते. तीन महिन्यांनी आला तर नाही. म्हणून ज्याला आजार आहे त्याने दर आठवड्याला, एकेक डोळा झाकून, चौकटींच्या तक्त्याकडे बघायचं. तक्त्याच्या मध्यावर एक ठिपका असतो. ठिपक्याकडे बघत राहायचं आणि भोवतीच्या रेषा सरळ आहेत का, कुठे गायब आहेत का, ते सांगायचं.

आईचा डावा डोळा त्या तीन महिन्यांत गेला होता. चौकटीला दोरा लावणारी मी होते.

त्याच महिन्यात मी माझी तपासणी करून घेतली. फोटो, रक्त, सगळं. माझ्यात तो दोष नाही. बटणला न्यायचं म्हटल्यावर आई अडून बसली.

"दोघींतली एक सुटली," ती म्हणाली. "आता दुसरीचं काय होणार, ते मला कागदावर वाचून दाखवू नकोस."

"आई, असं नसतं ते. मी सुटले म्हणून ती अडकत नाही. दोघींसाठी नाणं वेगवेगळं उडतं. पहिलं काय पडलं, ते दुसऱ्या नाण्याला आठवत नाही."

"नाण्याला आठवत नसेल. मला आठवतं."

हे भांडण दोन वर्षं चाललं, बहुतेक वेळा हळू आवाजात, भांडी आवरताना. बटण मधेच म्हणायची, "माझ्याबद्दल बोलताय का? मग मला चहा तरी द्या." तिला स्वतःला काय हवंय असं विचारलं की ती म्हणायची, "कोट मंगळवारी द्यायचाय." मी दमत चालले होते. सकाळी साडेपाचला उठायचं, बाटल्या, आकडे, परत येऊन आईच्या डोळ्यांत थेंब, मामाला गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवणं, आणि मग तेच भांडण. शेवटी आईनेच तोडगा काढला. "तुझ्या त्या चौकटींच्या कागदावर बघ तिला. कागद स्वच्छ निघाला, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. शब्द दे."

नुसत्या तक्त्यावर कुणाला निर्दोष ठरवता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी शब्द दिला. मला एक संध्याकाळ शांत हवी होती.

तो हा रविवार.

मी बटणला खिडकीशी बसवलं, तक्ता हातभर अंतरावर धरला आणि तिचा डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला. आई पाठमोरी बसून सुतळीच्या गाठी सोडवत होती. त्या सुतळीची कुणालाच गरज नव्हती.

"मधल्या ठिपक्याकडे बघ," मी म्हणाले.

"म्हणजे, धरू?"

"हो, धर. हलवू नकोस नजर."

"धरला."

"रेषा सरळ आहेत?"

"सरळ."

"कुठे तुटल्या आहेत? पुसट? भोक?"

"नाही गं. चांगला कागद आहे. भोक असतं तर मामाने भरायला घेतलं नसतं का?"

दुसरा डोळाही तसाच. मी वहीत तारीख घातली आणि लिहिलं: दोन्ही डोळे, तक्ता पूर्ण, दोष नाही. आई उठली, सुतळी तशीच खाली टाकली आणि आत जाऊन झोपली. दुपारी ती झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मामा इस्त्री फिरवत म्हणाला, "बघ, तुझ्या शास्त्रानेही आमची बाजू घेतली." मीही खुशीत होते.

त्यानंतरचे अकरा दिवस घर हलकं होतं, एवढंच सांगता येईल. आई बटणला विनाकारण ओरडली नाही. बटणने त्या ब्लँकेटचं काम घेतलं. कसरीने पाडलेली तेवीस भोकं होती त्यात, त्यांतली सोळा तिने भरली.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, मी साडेतीनला घरी आले. चप्पल काढताना कामाच्या खोलीतून मामाचा आवाज आला.

"घुसू नकोस. धर. धर नीट, बोटभर वर."

मी दारात उभी राहिले. बटण भिंगावर वाकली होती, सुई सतराव्या भोकाच्या कडेला. मामाने 'धर' म्हटल्यावर तिची बुबुळं वर सरकली. भोकावरून निघून कापडाच्या कोऱ्या भागावर, भोकाच्या बोटभर वर जाऊन थांबली. तिथे काहीच नव्हतं. सुई मात्र बरोबर भोकाच्या धाग्यात गेली.

मी दाराच्या चौकटीला हात टेकवला. तिने मला विचारलं होतं: म्हणजे, धरू? आणि मी म्हणाले होते: हो, धर. तिने ठिपका धरला होता, आजोबांनी शिकवला तसा. म्हणजे ठिपक्याच्या बोटभर वर, तक्त्याच्या वरच्या काठाबाहेर बघत राहिली होती. त्या अंतरावर तिच्या नजरेच्या मधोमध भोक असलंच, तरी ते तक्त्याच्या बाहेर कुठेतरी पडलं असतं, खिडकीच्या पडद्यावर. मी दिवसभर नमुन्यांच्या बाटल्या उलटसुलट लागल्या तर परत पाठवणारी बाई. आणि इथे सूचना देताना मी घरची भाषा बोलले होते.

मग त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जास्त जड होती. मी आत गेले.

"मामा, एक विचारू? तुला मधलं कधीपासून दिसत नाही?"

"मधलं कुणाला दिसतं?" मामा इस्त्री न थांबवता म्हणाला. "म्हणून तर धरायचं असतं."

"सगळ्यांना दिसतं, मामा."

"काय सांगतेस! म्हणजे आत्ता तू माझ्याकडे सरळ बघितलंस तर तुला माझं नाक दिसतं?"

"नाक दिसतं. नाकावरचा तीळ दिसतो. आणि आज दाढी करताना डाव्या गालावर राहिलेले केस दिसतात."

मामाने गालाला हात लावला. केस होते. त्याने इस्त्री उभी केली.

"सरळ बघून?"

"सरळ बघूनच. आपल्या घरात फक्त मी तशी बघते. म्हणून माझी नजर घुसायची."

कोटाची बाही त्याने एकदा घडी केली, उलगडली, परत घडी केली. मग म्हणाला, "म्हणजे आमचा म्हातारा..."

"हो. त्यांनी त्यांच्यापुरती वाट काढली असणार. आणि मग तुम्हाला तीच शिकवली."

"आणि आम्ही ती विद्या म्हणून..." त्याने वाक्य सोडलं. "आणि ज्या पोरीचे डोळे धड, तिला मी टपल्या मारल्या."

"गोणपाट म्हणायचास."

"गोणपाटाला काय वाईट आहे," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

बटणने सुई उशीत खोचली. आमचं सगळं तिने ऐकलं होतं. तिची नजर माझ्या उजव्या कानावर होती.

"ताई, मला वाटायचं सगळ्यांना असंच असतं," ती म्हणाली. "मामा म्हणायचा ना, मधलं कुणालाच दिसत नाही. मग मी कशाला सांगू?"

"कधीपासून?"

"माहीत नाही. आधी पुसट असायचं. धरायला लागल्यावर त्याचं काही वाटेना." मग ती म्हणाली, "तू पुस्तकातलं भरभर वाचायचीस ते कसं, हे मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, तू पाठ करून ठेवतेस."

आई कधी आली ते मला कळलं नाही. ती दारात होती, ओले हात पदराला न पुसता तसेच धरून.

"शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता. कागद चुकला, आई."

"कागद चुकला का तू?"

"मी."

ती गेली नाही. भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बसली. मला तिच्याशी पुन्हा भांडायची ताकद नव्हती, आणि तिलाही नसावी. मी बटणलाच विचारलं, "परत बघायचं का? नको असेल तर नको म्हण. पण असलं तर दर आठवड्याला रेषा तपासाव्या लागतील, आणि एखादी वाकली की त्याच दिवशी जायचं. आईचं झालं तसं होऊ द्यायचं नाही."

"आणि सुई?"

"सुईने काही बिघडत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. सुई चालू ठेव."

"मग बघ," बटण म्हणाली. "पण ह्या वेळी नीट मराठी बोल."

पावणेपाच वाजले होते, खिडकीतून उजेड पुरेसा होता. ह्या वेळी मी घाई केली नाही. शर्टाच्या खोक्यातला मोठा पांढरा पुठ्ठा घेतला आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन जाड तिरक्या रेषा ओढल्या. ज्याला मधलं दिसत नाही त्याला ठिपका दाखवून उपयोग नाही. पण चार बाजूंनी येणाऱ्या रेषा दिसल्या, तर त्या कुठे मिळत असतील तिथे डोळा ठेवता येतो. पुठ्ठा मामाने दोन्ही हातांनी धरला. बरोबर तीस सेंटिमीटर दोरा कापून त्याचं एक टोक मी बटणच्या गालाच्या हाडाला लावलं, दुसरं पुठ्ठ्याला, आणि अंतर जुळवलं. चष्मा ती लावत नाही. डावा डोळा झाकला.

"धरायचं नाही," मी म्हणाले. "रेषा जिथे मिळतात असं वाटतं, तिथेच बघ. घूस."

"घुसले. काही दिसत नाही तिथे."

"तिथेच राहा. मी पेन्सिलीचं लाल टोक आणते. टोक दिसेनासं झालं की 'गेलं' म्हण, दिसलं की 'आलं'."

आधी तिचा डोळा खरंच मध्यावर आहे का, हे मला हवं होतं. प्रत्येक डोळ्याला, चांगल्यालासुद्धा, एक आंधळी जागा असते. जिथून शीर मेंदूकडे निघते तिथे दिसण्याची सोय नसते. मध्याकडे बघणाऱ्या डोळ्याला तीस सेंटिमीटरवर ती जागा कानाच्या बाजूला सुमारे आठ सेंटिमीटरवर सापडायला हवी. मी पेन्सिल उजवीकडून आडवी आत आणू लागले.

"गेलं," बटण म्हणाली. मग, "आलं."

मोजलं. त्या दोन खुणांच्या मध्यापासून पुठ्ठ्याचा मध्य आठ सेंटिमीटर एक मिलिमीटर.

"हाच का तो आजार?" तिने विचारलं.

"नाही. हे सगळ्यांना असतं."

"तुलापण?"

"मलापण. फक्त कुणाच्या लक्षात येत नाही."

"म्हणजे तुलाही भोक आहे तर," मामा पुठ्ठ्यामागून म्हणाला. "बरं झालं. घरात एकटी पडली असतीस."

बटण हसली आणि डोळा हलला. परत जुळवावा लागला. मग मी मध्याकडे वळले. आठ दिशांनी पेन्सिल आत आणायची, आणि प्रत्येक दिशेला दोनदा, कारण एकदाच घेतलेल्या मापावर माझा विश्वास नसतो. हात दुखत होता. मामाचेही दुखत असणार, पण पुठ्ठा हलला नाही.

"गेलं."

खूण.

"आलं."

खूण.

"गेलं."

तिच्या आवाजात काही बदल नव्हता. दुकानात धाग्यांचे रंग लावताना म्हणतात तसं ती म्हणत होती. उजवा झाला, डावा घेतला. डाव्याचीही कानाकडची जागा आधी तपासली. सात सेंटिमीटर नऊ मिलिमीटर. मग आठ दिशा, दोनदा. संपल्यावर मी बटणला डोळ्यावरचा पुठ्ठा काढायला सांगितलं. तिने डोळे चोळले आणि पाणी मागितलं. मामाने हात खाली केले आणि एक हात दुसऱ्याने दाबत बसला.

मी पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला, खुणा जोडल्या आणि पट्टी घेतली. दुसऱ्यांदा मोजून मी आकडे वहीत लिहिले. आधीच्या रविवारची नोंद एका रेघेने खोडली, वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: सूचना चुकीची दिली.

"किती?" आईने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत तिने बटणबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तिची नजर माझ्या डोक्याच्या वर, भिंतीवर होती, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती.

"वाचू?"

"वाच."

मी वाचलं. "मधली न दिसणारी जागा. उजवा डोळा: रुंदी अकरा मिलिमीटर, उंची नऊ. डावा डोळा: रुंदी सात, उंची सहा. अंतर तीस सेंटिमीटर."